आर्विडचं माप

सेज क्रीक गावात मार्लिस टॉलेफसनच्या प्रश्नांना आजवर कुणी नीट उत्तर दिलेलं नाही. त्यात गावाचा काही दोष नाही. मार्लिस दंतवैद्याच्या दवाखान्यात दात साफ करायच्या कामावर होती, आणि तिला प्रश्न सुचत ते नेमके समोरच्याच्या तोंडात आरसा, आकडी, लाळ ओढणारी नळी आणि तिची स्वतःची चार बोटं असताना. "काय रे, तुझ्या ट्रकचा तो आवाज गेला का? आणि तुझी मेहुणी परत नवऱ्याकडे गेली म्हणे, खरं का?" यावर गुराख्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे "आँ… आँ" एवढंच म्हणू शकत. मार्लिस "अस्सं!" म्हणून पुढच्या दाताकडे वळे.

कुतूहल हा तिचा जन्माचा आजार. लहानपणी तिने आईचं घड्याळ उघडलं, मग घरातला टोस्टर उघडला, मग शेजाऱ्यांचा टोस्टर उघडला. लग्न झाल्यावर नवरा घोरतो तो नाकातून की घशातून, हे बघायला तिने झोपलेल्या रूडीच्या तोंडात टॉर्च मारला होता. रूडी अजूनही टॉर्च दिसला की ओठ घट्ट मिटून घेतो.

एकच गोष्ट तिला कधी उघडता आली नव्हती, ती म्हणजे बापाची शेड.

आर्विड टॉलेफसन आपली काडतुसं स्वतः भरायचा. त्यात नवल काही नव्हतं. माँटानाच्या त्या भागात अर्धे पुरुष हिवाळाभर तेच करतात आणि उरलेले अर्धे पुढच्या हिवाळ्यात करणार असल्याचं सांगतात. झाडून झालेली पितळी पुंगळी घ्यायची, दाबयंत्रात घालून पुन्हा मापात आणायची, बुडाशी ठिणगीची नवी टोपी बसवायची, आत दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची, झालं काडतूस. आर्विडचं वेगळेपण त्याच्या मापात होतं. दारू कुठल्या डब्यातली, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दुकानातून तो डबा काखेत मारून तो असा मिरवत यायचा, जणू चर्चला घंटा भेट द्यायला निघालाय. पण त्यातली किती घालायची, ते मात्र गुपित. "पुस्तकातली मापं भित्र्यांसाठी असतात," तो म्हणे. मापांचं पुस्तक त्याने बाकाच्या आखूड पायाखाली टेकू म्हणून सारून ठेवलं होतं, आणि आल्यागेल्याला ते तो मुद्दाम दाखवी. नेमबाजीच्या मैदानावर एक बार काढला की खांदा धरून असा काही कण्हे, की बघणाऱ्यांनी नकळत आपापला खांदा चोळावा. आणि दर मोसमाला गावातलं पहिलं हरिण त्याचंच.

गुपित फुटायची भीतीही नव्हती. त्या भागात एक रीत आहे, आणि ती चर्चमधल्या कुठल्याही रीतीपेक्षा कडक पाळली जाते. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपण झाडायचं नाही. मग तो भाऊ असो, बाप असो, बिशप असो. त्याच्या हातून आत किती पडलंय, कुणी सांगावं? ही माणसं एकमेकांना घराची किल्ली देतील, ट्रक देतील, वेळ पडली तर रक्त देतील. काडतूस देणार नाहीत, आणि कुणी दिलंच तर हसून खिशात घालतील आणि घरी जाऊन बाजूला टाकतील.

त्या वसंतात आर्विड गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि हिरवी जेली खाताना मार्लिसचा धाकटा भाऊ लाइल बापाच्या बंदुकीविषयी बोलू लागला. लाइल बिलिंग्जला राहायचा आणि दिवे बनवायचा. दिसेल त्या वस्तूचा दिवा. शिंगांचा दिवा, स्कीचा दिवा, बुटाचा दिवा. एका दिवाळखोर बँडच्या ट्यूबाचा, त्या माणसाएवढ्या पितळी कर्ण्याचाही, त्याने दिवा केला होता. माणूस वाईट नव्हता. फक्त उभी वस्तू दिसली की तिच्यातून वायर कुठून न्यावी, हे त्याच्या डोळ्यांत दिसायला लागायचं.

"मार्ल, पपांच्या बंदुकीचा दिवा काय सुंदर दिसेल गं! उभी ठेवायची. नळीतून वायर वर. डोक्यावर चामड्याची टोपी."

"ती बंदूक आहे, लाइल."

"चालते का? तिच्या मापाची काडतुसं दुकानात मिळायची बंद होऊन किती वर्षं झाली! पपा होते तोवर ठीक होतं. आता ती नुसती काठी आहे. दिवा झाला तर उजेड तरी पडेल."

मार्लिस याच बंदुकीच्या मागे बर्फात चालत मोठी झाली होती. तिच्या दस्त्यावर बापाच्या गालाने घासून एक गुळगुळीत खळगा पडला होता. त्यात गाल टेकवला की मार्लिसला दहा वर्षांची झाल्यासारखं वाटे. त्या खळग्यावर लाइल स्विच बसवणार होता.

"मी चालवीन ती," ती म्हणाली.

"तू?" लाइल जेलीत हसला. "बरं. थँक्सगिव्हिंगला माझ्या ताटात या बंदुकीने मारलेल्या हरणाचं सॉसेज पडलं, तर बंदूक तुझी. नाही पडलं, तर दिवा."

"ठरलं."

"हिला सांग रे काहीतरी," लाइल रूडीकडे वळला.

रूडी तीस वर्षं धान्याच्या कोठारावर काम करत होता, जिथे नुसत्या धुळीचाही भडका उडतो, आणि स्फोट होऊ शकणाऱ्या कुठल्याही गोष्टीपासून लांब राहायचं त्याचं धोरण होतं. तो सँडविचकडे बघत म्हणाला, "मी कोण सांगणारा?"

मार्लिसला आपण जिंकल्यातच जमा आहोत असं वाटत होतं. कारण शेडमध्ये कॉफीचा एक मोठा डबा होता आणि त्यात बापाने भरलेली काडतुसं काठोकाठ होती. जूनमध्ये एका शनिवारी ती तो डबा आणि बंदूक घेऊन मैदानावर गेली. शेजारच्या बाकावर एमेट झाबेल बसला होता.

एमेट म्हणजे तिच्या बापाचा जन्मभराचा प्रतिस्पर्धी. वय ऐंशीला टेकलेलं, दोन्ही कानांत यंत्रं, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. आर्विडशी चाळीस वर्षं तो रोज बोलला आणि चाळीस वर्षं एकदाही त्याच्याशी सहमत झाला नाही. दफनाच्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने नाक त्यानेच शिंकरलं होतं.

"काय भरतेस त्यात?"

"पपांची काडतुसं."

"किती आहे आत?"

"काय किती?"

"दारू, पोरी, दारू!"

"ते पपांनी कुणाला सांगितलंय? तुम्हीच सांगा."

"मग ठेव खाली."

"अहो, माझ्या सख्ख्या बापाने भरलीत."

"डब्यावर काही लिहिलंय? माप? तारीख?" एमेटचा आवाज मऊ झाला. "गेल्या वर्षी दोनदा तुझ्या बापाला आपला ट्रक कुठे लावलाय ते आठवेना. दोन्ही वेळा मीच शोधून दिला. ही काडतुसं त्याच्या आधीची की नंतरची, तुला माहीत आहे? मला नाही."

मार्लिसने खळग्यावरून गाल उचलला. हा प्रश्न तिला सुचला नव्हता, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"मग मी काय करू? दिव्याला कुठल्या रंगाची टोपी शोभेल ते बघू?"

एमेटने सगळी हकीकत ऐकली. दिव्याचं ऐकून त्याने कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं आणि पुन्हा ऐकलं.

"मी शिकवतो," तो म्हणाला. "स्वतःची स्वतः भर. आणि ही डब्यातली एक-एक उघडून मोकळी करायची. ती उघडशील तेव्हा मी तिथे असणार. वजनाचा काटाही माझा असणार."

"म्हणजे तुम्हाला पपांचं माप हवंय."

"मला काही नकोय," एमेट म्हणाला. कान लाल झाले होते. "सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

अशी शेड पुन्हा कामाला उघडली. आत जुन्या बोलिंगच्या पट्टीतून कापलेला जाड मेपलचा बाक, त्यावर हिरवं दाबयंत्र, खाली टेकू दिलेलं पुस्तक. एमेटने पहिलं काम केलं ते पुस्तक काढण्याचं. बाक डुगडुगला. त्याने तिथे लाकडाची ढलपी सारली आणि पुस्तक मार्लिसच्या हातात दिलं. "पहिला धडा. हे वाच. सगळं. मग प्रश्न विचार."

मार्लिसने आठवडाभर ते पुस्तक पॅनकेक खाताना, कपडे वाळताना, दवाखान्यात दोन रोग्यांच्या मध्ये वाचलं आणि इतके प्रश्न घेऊन आली की एमेटने एका कानातलं यंत्र बंद केलं.

हाताला मात्र वळण होतं. पुंगळीच्या बुडाशी टोपी बसते त्या खोबणीत काजळी साचते; ती खरवडायला एमेटकडे एक अवजार होतं. मार्लिसने ते बाजूला ठेवलं, पर्समधून आपली दातांची आकडी काढली आणि खोबण्या अशा लख्ख केल्या की एमेट चष्मा वर करून बघत राहिला.

"फ्लॉस करत नाहीत ही," ती म्हणाली.

मग तिने चूक केली. मापाच्या साच्यात घालण्याआधी पुंगळीला बाहेरून वंगणाचं बोट लावायचं असतं. बोलण्याच्या नादात एका पुंगळीला ते लावायचं राहिलं. दांडा खाली गेला आणि वर येईना. मार्लिसने तो दोन्ही हातांनी वर खेचला. दाबयंत्र हललं नाही. मेपलचा बाक मात्र तिच्याबरोबर वर आला.

"अडकली," एमेट समाधानाने म्हणाला. "सगळ्यांची अडकते. उपट आता."

"मी मळ काढते. उपटणं डॉक्टरांकडे असतं."

"अक्कलदाढ समज."

दुपारभर लागली. छिद्र पाडून, आटे कापून, स्क्रू घालून ती पुंगळी बाहेर आली तेव्हा मार्लिस घामाने निथळत होती आणि चेहऱ्यावर टोस्टर उघडल्याचा आनंद होता.

खरी कसोटी दारू ओतण्याची होती. तिथे एमेटचा एकच नियम. दारूचा डबा उघडला की बोलणं बंद. रेडिओ बंद, फोन बंद, तोंड बंद. कारण कुठल्या पुंगळीत पडली आणि कुठलीत नाही याचा विसर पडला, तर एकीत दुप्पट जाते आणि एकीत काहीच नाही. मार्लिससाठी हे म्हणजे रूडीला छतावर नाचायला सांगण्यासारखं होतं. पहिल्या रांगेत मध्यावर तिच्या तोंडून निघालंच, "एमेट, तुमची कवळी रात्री तुम्ही पाण्यात ठेवता की…"

एमेटने न बोलता सगळ्या पुंगळ्या उलट्या केल्या आणि दारू डब्यात परत ओतली. "पहिल्यापासून."

तिसऱ्यांदा पहिल्यापासून झाल्यावर ती गप्प राहायला शिकली. इतकी गप्प, की रूडी काळजीने घरातून बघायला आला. रांग भरली की ती टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकवायची, सगळीकडे दारूची पातळी सारखी आहे ना ते बघायला, आणि न राहवून पुटपुटायची, "मोठा आ करा."

काट्याने मात्र छळलं. तोच चमचा, तीच दारू, पण दांडी एकदा वर, एकदा खाली. एमेट म्हणाला वारा लागत असेल. खिडकी लावली. दार लावलं. पंख्याची वायर काढली. दांडी डुलतच होती. मार्लिसने बाकाला कान लावला, काट्याभोवती पुठ्ठ्याची भिंत केली, मग हळूच मान वळवून मागे बघितलं. रूडी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"तू श्वास घेतोयस."

"सवय आहे," रूडी म्हणाला.

त्याला टोमॅटोच्या वाफ्यापर्यंत मागे पाठवल्यावर दांडी शहाण्यासारखी स्थिर झाली.

या सगळ्या काळात कॉफीचा डबा फळीवर तसाच होता. मार्लिस रोज विचारायची, "आज उघडूया?" आणि एमेट रोज म्हणायचा, "आज नको, हवा दमट आहे." माँटानाच्या कोरड्याठाक ऑगस्टमध्ये हवा दमट आहे असं म्हणणारा माणूस काहीतरी लपवत असतो. मार्लिसने ओळखलं. त्याला माप हवं होतं आणि नकोही होतं. चाळीस वर्षं ज्याने आपल्याला हरवलं तो आपल्यापेक्षा किती पुढे होता, हे आकड्यात कळणं सोपं नाही.

शेवटी सप्टेंबरात, कॉटनवुडच्या झाडांची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा, तो स्वतःच म्हणाला, "काढ."

काडतूस मोकळं करायचं अवजार दिसायला खेळण्यातल्या हातोड्यासारखं असतं. पोटात काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ओंडक्यावर आपटायचं; धक्क्याने गोळी सुटते आणि दारू पोटात सांडते. मार्लिसने आपटलं. गोळी सुटली. दारू तिने काट्याच्या पारड्यात ओतली. रूडी वाफ्यापाशी श्वास धरून उभा होता.

दांडी थांबली. एमेटने आकडा वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

"दुसरं."

दुसऱ्यातही तेवढीच. तिसऱ्यात, सहाव्यात, डब्याच्या तळातल्यातही तेवढीच, केसाचा फरक नाही. म्हातारा ट्रक विसरत होता. माप विसरला नव्हता.

"खूप आहे का?" मार्लिसने विचारलं. "एमेट? किती जास्त आहे?"

एमेट खुर्चीत बसला. "पुस्तकात," तो म्हणाला, "या दारूसाठी दोन आकडे दिलेत. वरचा, ज्याच्या पुढे जायचं नाही. आणि खालचा, ज्याने नवशिक्याने सुरुवात करायची."

"मग?"

"हा खालचा आहे."

शेडमध्ये इतकी शांतता झाली की दारूचा डबा उघडा असल्यासारखं वाटलं.

"म्हणजे मी भरते तोच?"

"तू भरतेस तोच. पहिल्या दिवशी मी तुला दिला तोच. बालवाडीचा आकडा." एमेट उजवा खांदा चोळू लागला. "आणि मी… तो मैदानावर असा कण्हायचा, मला वाटायचं हा केवढी घालतो! मी वरच्या आकड्याला नाक लावून भरत राहिलो. चाळीस वर्षं. खांदा गेला. कान गेले. वरची दाढ हलायला लागली ती त्याच धक्क्यांनी. बार काढायच्या आधीच माझे डोळे मिटतात, पोरी, धक्क्याच्या भीतीने. आणि तो त्या गुदगुल्या करणाऱ्या काडतुसांनी शांतपणे नेम धरून हरणं पाडत होता, आणि वर कण्हत होता!"

मार्लिसला हसू आलं होतं, पण एमेटच्या तोंडाकडे बघून ते तिने गिळलं. तो उठला, आपला काटा उचलला आणि निघून गेला.

मोकळी केलेली दारू वापरायची नसते. तिथली माणसं ती फुलझाडांना घालतात. खत होतं म्हणतात. मार्लिसने बापाचं सगळं गुपित आईच्या रुबार्बच्या, त्या आंबट लाल दांड्यांच्या भाजीच्या वाफ्यात पसरलं आणि वर पाणी घातलं.

मग मात्र तिला धास्ती वाटू लागली. मोसम महिन्यावर आला होता. तिची स्वतःची काडतुसं डबीत भरून तयार होती, डबीवर माप आणि तारीख ठसठशीत लिहिलेली, पण एकही झाडून बघितलेलं नव्हतं. पहिल्यांदा झाडताना एमेट जवळ असणार होता. तो फोन उचलत नव्हता. लाइलचा मात्र फोन आला. "मार्ल, नळीचा व्यास किती आहे गं? वायर घेऊन ठेवतो."

दोन शनिवार वाट बघून ती एकटीच मैदानावर गेली. बाकावर कोपर टेकवलं, खळग्यात गाल ठेवला, आणि ज्या हातांनी शेजाऱ्याचा टोस्टर उघडला होता त्या हातांनी घोडा ओढला. बंदूक खांद्यावर आली ती ओळखीच्या माणसाने थाप मारावी तशी. तिसऱ्या बारानंतर दुर्बिणीतून बघितलं तर तिन्ही छिद्रं एका डोनटखाली झाकली जातील एवढी जवळ.

"खांदा दुखला?" मागून आवाज आला.

एमेट उभा होता. हातात स्वतःची बंदूक आणि नवी डबी.

"नाही. तुम्ही कुठे होतात?"

"भरत होतो." तो बसला, त्याने डबी उघडली. "खालच्या आकड्याने." त्याने बार काढला. मग बराच वेळ हलला नाही.

"काय झालं? लागलं?"

"डोळे उघडे होते," एमेट म्हणाला. "बार निघाला तेव्हा माझे डोळे उघडे होते गं. काय सुंदर धूर निघतो!"

संध्याकाळपर्यंत त्याने डबी संपवली. निघताना ट्रकच्या खिडकीतून बोट रोखून तो म्हणाला, "हे गावात कळता कामा नये. मी बालवाडीच्या मापाच्या मागे खांदा घालवला हे कळलं, तर मला मैदानावर तोंड दाखवता येणार नाही."

"आणि पपांचं?"

"त्याचं तर अजिबात नाही. भामटा होता. पण आपला भामटा होता."

मोसम उघडला त्या सकाळी मार्लिस शिकाऱ्याचं केशरी जाकीट घालून आईच्या जुन्या कुरणाच्या कडेला बसली होती. रूडी सोबत होता, दहा पावलं मागे, कारण त्याचा श्वास. धुक्यातून एक मोठ्या कानांचं हरिण उतरलं आणि बाजू दाखवून उभं राहिलं. दारूचा डबा उघडल्यावर गप्प बसायची सवय झाली होती तिला. तिच्या डोक्यातही एक प्रश्न उठला नाही. बार निघाला. हरिण दोन उड्या पुढे गेलं आणि गवतात बसलं, ते उठलं नाही.

थँक्सगिव्हिंगला लाइलच्या जेवणाच्या खोलीत सहा दिवे लागले होते आणि सातव्यासाठी कोपरा रिकामा ठेवला होता. मार्लिसने ताटात सॉसेज वाढलं. लाइलने घास घेतला, चावला, कोपऱ्याकडे बघितलं, आणखी एक घास घेतला.

"बरं," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "बंदूक तुझी. पण एक सांग मार्ल, पपांची काडतुसं तू उघडलीस म्हणे. माप काय होतं? सगळं गाव विचारतंय मला. किती घालायचे ते?"

जेवायला बोलावलेला एमेट बटाटे वाढून घेत होता. त्याचा चमचा हवेतच थांबला.

आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर मार्लिसकडे होतं आणि प्रश्न दुसऱ्याच्या तोंडात. तिने सावकाश रुमालाने ओठ पुसले. मग उजवा खांदा डाव्या हाताने धरला, चेहरा वाकडा केला आणि बापासारखीच कण्हली.

"पुस्तकात नाही सापडायचं ते, लाइल," ती म्हणाली. "पुस्तक भित्र्यांसाठी असतं."